शिकण्याचा पैसा

आमच्याकडं ट्रक घ्यायचा म्हटलं की कर्ज द्यायला फायनान्सवाला घरापर्यंत येतो. ट्रक चालवायला शिकायचं म्हटलं की कुणी उंबऱ्याला येत नाही. हप्ते थकले तर गाडी ओढून नेता येते, माणसानं शिकलेलं ओढून नेता येत नाही, एवढं साधं कारण आहे. तरीपण आमच्या खटाव-माणच्या पट्ट्यातनं पिढ्यान्पिढ्या ड्रायव्हर निघाले. ते शिकले कुणाच्या पैशावर, हे मी गावातल्या जुन्या माणसांना विचारत आलोय. त्यातले बरेच आता नाहीत. म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतो.

आमच्या भावकीत पहिल्यांदा मोटार चालवायला शिकले ते माझे चुलतआजोबा. सातारा जिल्हा फौजेचा. दुसऱ्या महायुद्धात भरती निघाली तेव्हा ते गेले आणि रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये लागले. रसद पोचवायचं काम. ज्या माणसानं घरात सायकलपण बघितली नव्हती त्याच्या हातात सरकारनं थेट लॉरी दिली. ती कशी चालवायची, कशी उघडायची, चिखलात रुतली तर कशी काढायची, हे सगळं सरकारी खर्चानं शिकवलं. वर पगार. त्याची किंमत त्यांनी इराककडच्या वाळवंटात चुकती केली ती वेगळी. ते मोटारीविषयी बोलायला लागले की मधेच इंग्रजी हुकूम यायचे, आणि आम्ही पोरं हसायचो.

ते परत आले आणि दोन वर्षांनी, १ जून १९४८ ला, पुणे ते नगर अशी एसटीची पहिली गाडी सुटली. मुंबई राज्याला ड्रायव्हर पाहिजे होते आणि फौजेतनं सुटलेली, हात बसलेली माणसं गावोगाव रिकामी होती. आजोबांचं डिस्चार्ज बुक हाच त्यांचा दाखला. त्यांना शिकायला एक पैसा पडला नाही. पुढच्या पिढीला हे सांगितलं तर ती म्हणते, बरं होतं की! बरं होतं, पण त्यासाठी महायुद्ध व्हावं लागलं.

त्यानंतरचे सगळे शिकले ते किन्नर होऊन. क्लीनरला आमच्याकडं किन्नर म्हणतात. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनायला लागले, त्याच्या आधीच्या फार्गो-बेडफर्ड होत्याच. लोणंदचा कांदा, आमच्या भागातला बटाटा, कराड-कोल्हापूरचा गूळ, कारखान्यांची साखर, असा माल वाढत गेला. गाड्या वाढल्या तसे ड्रायव्हर लागायला लागले. शाळा कुठंच नव्हती. ट्रक हीच शाळा आणि ड्रायव्हर म्हणजे उस्ताद.

ह्या शाळेची फी पैशात नव्हती. बाप पोराला घेऊन उस्तादाकडं जायचा, नारळ द्यायचा, एखादी कोंबडी द्यायचा आणि म्हणायचा, "पोरगं तुमच्या पदरात टाकलं. मारा, झोडा, पर मानूस करा." ह्यातलं पहिलं उस्ताद मनावर घ्यायचे. किन्नरचं काम पहाटे सुरू व्हायचं. रेडिएटरात पाणी घाल, काच पूस, लोखंडी गजानं टायर ठोकून हवा बघ, ताडपत्री बांध, दोर आवळ. घाटात गाडी थांबली की पळत जाऊन चाकाखाली दगड लाव. मुक्कामाला स्टोव्ह पेटवून कालवण कर, उस्तादाचे कपडे धू, पाय चेप. रात्री केबिनमध्ये उस्ताद झोपला की हौद्यात मालावर पडून चोरावर लक्ष ठेव. बदल्यात पोटाला जेवण, दिवाळीला कपडे, आणि दोन-तीन वर्षांनी थोडा पगार. तोपण कधी मिळायचा, कधी बापाच्या नावावर उचल लिहिलेली असायची त्यात वळता व्हायचा.

आणि शिकणं? ते उस्तादाच्या मर्जीवर. पहिलं वर्ष स्टिअरिंगला हात लावला तरी पाना पाठीत बसायचा. दुसऱ्या वर्षी गाडी धुवायच्या निमित्तानं चार हात पुढं-मागं घ्यायला मिळायची. माल उतरून रिकामी गाडी परतीला असली, रात्र असली, सपाट रस्ता असला आणि उस्तादाला डुलकी यायला लागली, की तो म्हणायचा, "धर." त्या काळच्या गाड्यांना डबल क्लच मारावा लागे. एकदा दाबून गिअर काढायचा, सोडायचा, परत दाबून दुसरा टाकायचा. चुकलं की खालनं असा करकर आवाज यायचा की झोपलेला उस्ताद डोळे न उघडता शिवी द्यायचा. खंबाटकी आणि कात्रज भरल्या गाडीनं चढवला आणि उतरवला म्हणजे परीक्षा पास. मग वय बसलं की उस्तादच मालकाला सांगून परवाना काढून द्यायचा. असं चार-पाच वर्षांनी पोरगं ड्रायव्हर व्हायचं.

ह्या पद्धतीचे गोडवे गाणारे आमच्यात पुष्कळ आहेत. जुने ड्रायव्हर सांगतात, आत्ताच्या पोरांना इंजिनाचा आवाज कळत नाही. खरं आहे. त्या चार वर्षांत गाडीचा खिळा न् खिळा कळायचा. पण चार वर्षांची मजुरी, पोराचं अंग, कधी कधी अब्रूसुद्धा, ही फी थोडी नव्हती. आणि ही शाळा सगळ्यांना उघडीपण नव्हती. एका केबिनमध्ये झोपायचं, एका ताटात जेवायचं, म्हणून उस्ताद आपल्याच भावकीतला, फार तर आपल्या जातीच्या आसपासचा पोरगा घ्यायचा. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतला एकही पोरगा त्या काळात गावातल्या उस्तादाकडं किन्नर राहिला नाही. कुणी नको म्हटलं असं नाही. कुणी विचारायला गेलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं.

बहात्तरच्या दुष्काळानं किन्नरांची लाट आली. मी तेव्हा शाळेत होतो. मोठी माणसं खडी फोडायला जायची, पोरांना सुकडी मिळायची. जनावरं कवडीमोलानं गेली. त्या वर्षी गावात बाहेरनं येणारी एकच गोष्ट म्हणजे धान्याचे ट्रक. पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्या ट्रकच्या मागं पळायची, आणि त्यातली काही परत आलीच नाहीत, म्हणजे ट्रकबरोबरच गेली. दुष्काळानंतर दोन वर्षांत आमच्या एवढ्याशा गावातले नऊजण किन्नर झाले होते. माझा आत्येभाऊ त्यातलाच.

त्याची हकिकत इथं सांगितली पाहिजे, कारण शिकायची किंमत कुठवर जाते ते त्यात आहे. तो चार वर्षं एका उस्तादाकडं होता. एकोणीस वर्षांचा. हात चांगला बसला होता, पण ट्रकच्या परवान्याला वीस पूर्ण पाहिजेत, म्हणून थांबला होता. एका रात्री कर्नाटकातनं येताना उस्तादाला ताप होता. त्यानं "धर" म्हटलं. पहाटेच्या अंधारात, एका गावाच्या फाट्यावर, बिनदिव्याचा सायकलवाला आडवा आला आणि गाडीखाली गेला. दूध घालायला निघालेला माणूस होता.

उस्ताद खाली उतरला, बघितलं आणि आत्येभावाला म्हणाला, "तू पलीकडं बस. मी चालवत हुतो." पोलिस आले तेव्हा तेच सांगितलं. परवाना उस्तादाकडं होता. पोराचं नाव लागलं असतं तर बिनपरवान्याचा म्हणून पोरगा आत, आणि इन्शुरन्सनं हात झटकला असता तर मालक उघडा. उस्तादानं पोराला वाचवलं, मालकालापण वाचवलं आणि केस आपल्या अंगावर घेतली. काही वर्षं तारखा चालल्या. परवाना अडकला. मालकानं पहिले दोन महिने त्याच्या घरी पैसे पाठवले आणि मग दुसरा ड्रायव्हर ठेवला.

ह्यात खोटं बोलणं होतं, आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांना खरं कधी कळलं नाही. हे मला आजही बरोबर वाटत नाही. पण आत्येभावाच्या घरानं हे ऋण मानलं. केस संपेपर्यंत, म्हणजे सहा सुग्या, आत्याच्या घरनं ज्वारीची दोन पोती आणि वर्षाची हरभऱ्याची डाळ त्या उस्तादाच्या घरी जात होती. मी स्वतः एकदा बैलगाडीतनं ती पोती घेऊन गेलोय. उस्तादाच्या बायकोनं मोजून घेतली नाहीत. तिनं फक्त विचारलं, "पोरगं चालवतंय का?" आत्येभाऊ तेव्हा परवाना असून चालवत नव्हता. तो पुढं तीन वर्षांनी परत स्टिअरिंगला बसला.

१९८८ चा मोटार वाहन कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या आधीचा कायदा इंग्रजांच्या वेळचा, १९३९ चा. नव्या कायद्यानं शिकायचं गणितच बदललं. अवजड मालगाडीचा शिकाऊ परवाना पाहिजे तर आधी हलक्या गाडीचा परवाना दोन वर्षं जवळ असला पाहिजे, किंवा मध्यम मालगाडीचा एक वर्ष. पुढं १९९४ च्या दुरुस्तीनं ते हलक्या गाडीचं एक वर्ष झालं. आणि नुसतं येतंय म्हणून चालणार नाही, सरकारमान्य ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला पाहिजे. त्याला सगळे पाच नंबरचा फॉर्म म्हणतात. नंतर कधीतरी आठवी पासची अटपण आली. ती केंद्र सरकारनं २०१९ मध्ये काढून टाकली, पण तोवर मेंढरामागं फिरून पाचवीत शाळा सुटलेल्या माणच्या कितीतरी पोरांचा रस्ता त्या एका अटीनं बंद झाला होता.

कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्या दूधवाल्याकडनं बघितलं तर तो आधीच यायला पाहिजे होता. पण एक झालं. जी फी आजवर अंगमेहनतीनं भरता येत होती ती रोख झाली. आणि रोख हीच तर आमच्याकडं नसते.

लोकांना वाटतं सरकारी फीच जास्त आहे. तसं नाही. २०१६ च्या डिसेंबरात फी वाढवली, शिकाऊ परवाना ३० रुपयांवरनं १५० झाला आणि चाचणी ५० वरनं ३००, तेव्हा गावात ओरड झाली. पण खरा खर्च तो नव्हेच. ट्रक असलेलं ड्रायव्हिंग स्कूल तालुक्याला नाही, जिल्ह्याच्या नाहीतर मोठ्या गावाला. त्याची फी हजारात. जायचं-यायचं एसटीचं भाडं, नाहीतर तिथं खोली. एजंटाचे वेगळे. आणि महिनाभर पोरगं शिकायला गेलं म्हणजे महिन्याची मजुरी बुडाली, ती कुणी हिशेबात धरत नाही. आधी हलक्या गाडीचं सगळं, मग वर्ष थांबायचं, मग परत अवजडचं सगळं. हप्त्यानं गळ्याला फास लागावा तसं.

मग हा पैसा आला कुठनं? पहिलं म्हणजे गोठ्यातनं. गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या परवान्यामागं एखादी म्हैस नाहीतर चार शेरडं आहेत. दुसरं आईच्या गळ्यातलं. पतसंस्थेत सोनं ठेवून पैसे मिळतात, कशाला पाहिजेत हे विचारत नाहीत. तिसरी भिशी. वीसजणांनी महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, ज्याचा नंबर लागेल त्यानं उचलायची. पोराचं वर्ष भरायच्या बेतालाच नंबर यावा म्हणून आधीच बोलून ठेवायचं.

ऊस वाहतुकीची उचल ही चौथी वाट, आणि तिच्याबद्दल मला बोलायचंय. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. वाहतूकदाराला ड्रायव्हर हवाच असतो. तो पोराला म्हणतो, स्कूलची फी मी भरतो, परवाना मी काढून देतो, दोन हंगाम माझ्याकडं चालव. पोरगं हरखतं. कागद असा काही नसतो, फार तर शंभराच्या स्टँपवर सही. मग हंगामात पगारातनं कापणी सुरू होते. किती फिटलं, किती राहिलं, हिशेब मालकाच्या वहीत. मी एका घरात डोळ्यानं बघितलंय, पोराचा परवाना मालकाच्या कपाटात ठेवलेला. गाडीवर जाताना द्यायचा, आला की काढून घ्यायचा. दुसरीकडं जाऊ नये म्हणून. पोरगं मधेच पळून गेलं तर माणसं बापाच्या दारात. नाव बदललं, पण किन्नरच की तो. फक्त पूर्वीच्या किन्नराला कुणी कर्जदार म्हणत नव्हतं.

त्यामानानं बायकांच्या बचत गटाचं काम मला सरस वाटतं. नाबार्डनं १९९२ पासून बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. आमच्या गावात गट यायला पुढं बरीच वर्षं गेली. कर्ज शेळीपालन, पिठाची गिरणी असल्या कामाला द्यायचं, असं सगळे धरून चालायचे. एका बाईनं पोराच्या ड्रायव्हिंगसाठी मागितलं तेव्हा गटात वाद झाला. एकीचं म्हणणं, ह्यात धंदा कुठाय? दुसरी म्हणाली, "शेरडू मरतं. परवाना मरत न्हाई." मिळालं कर्ज. दीड वर्षात फिटलं. त्यानंतर आमच्या गटानं असली सात कर्जं दिली, एक सोडून सगळी परत आली. जे आलं नाही त्या पोराचा हात मशीनमध्ये गेला, तो भाग वेगळा.

सरकारी योजना नाहीत असं नाही. महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या प्रशिक्षण योजनेत मोटार ड्रायव्हिंग होतं आणि त्यातनं आमच्या बौद्ध वस्तीतले दोघं फुकटात शिकले. ज्यांना कुठल्या उस्तादानं घेतलं नसतं ते असे शिकले, आणि त्यातला एक पुढं एसटीत लागला. गावातली काही माणसं ह्यावर नाक मुरडतात. मी त्यांना आमच्या चुलतआजोबांची आठवण करून देतो. तेपण सरकारच्याच पैशानं शिकले होते, तेव्हा कुणी नाक मुरडलं नव्हतं. अण्णासाहेब पाटील महामंडळ १९९८ सालचं. ते व्याजाचा परतावा देतं, त्याचा उपयोग गाडी घेताना होतो, पण आधी चालवायला यायला पाहिजे ना. २०१५ मध्ये केंद्रानं कौशल्य कर्जाची योजना काढली, ५,००० ते दीड लाखापर्यंत, तारण नको. वाचून आनंद झाला. पण संस्था योजनेत बसणारी पाहिजे. पत्र्याच्या शेडातलं आणि एका जुन्या ट्रकवर चालणारं स्कूल त्यात कुठं बसणार?

अलीकडं पोरांनी आपणच एक वाट काढलीय. २००५ मध्ये टाटाची छोटी गाडी आली, तिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. मग पिकअप आल्या. हलक्या गाडीचा परवाना काढायचा, पिकअपवर कांदा, टोमॅटो, कोंबडी वाहायची, आणि मिळणाऱ्या पगारातनं अवजडच्या शिक्षणाचे पैसे साठवायचे. वर्षाची अट तशीच भरते. ह्या गाड्या साध्या हलक्या परवान्यावर भाड्यानं चालवायच्या का नाही ह्यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं होतं. अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी तेवढंच धरून बसायची. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला, की साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला हलका परवाना चालतो. आमच्या चावडीत कोर्टाच्या निकालावर सहसा कुणी बोलत नाही, त्या आठवड्यात बोलत होते.

तिकडं सरकारनं २०२१ पासून नव्या धर्तीच्या प्रशिक्षण केंद्रांचे नियम केलेत. अवजड गाडीला सहा आठवड्यांत ३८ तास, त्यात वर्गातलं शिकणंपण आलं. चांगलंच आहे. रस्ते सहापदरी, गाड्या चाळीस-चाळीस टनांच्या, कुणीतरी नीट शिकवलंच पाहिजे. पण सहा आठवड्यांची मजुरी बुडते ती कोण देणार, हे त्या नियमात नाही. दूध संघ, कारखाने, बाजारपेठेतले वाहतूकदार, सगळे ओरडतात की ड्रायव्हर मिळत नाहीत. त्यातल्या एकानंपण अजून म्हटलेलं नाही, की पोरगं पाठवा, शिकवायचा खर्च आमचा आणि कपाटात परवाना ठेवणार नाही. म्हटलं तर आमच्या गावातनं चार तरी उद्या सकाळी जातील.

आत्येभाऊ आता सत्तरीला टेकलाय. गुडघे गेलेत, क्लच दाबून दाबून. त्याचा नातू सध्या लोणंदला कांद्याची पिकअप चालवतोय. त्याचं वर्ष फाल्गुनात भरतंय आणि त्याच्या आईचा भिशीचा नंबर चैत्रात आहे. मधल्या महिन्याची सोय व्हावी म्हणून आत्येभावानं परवा गटाच्या अध्यक्षीणबाईंकडं जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, मंगळवारी बैठक आहे, तुमच्या सुनेला पासबुक घेऊन पाठवा.